इटालियनची विशेषणं आणि क्रियापदं: नवशिक्या मराठी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिलानला डिझाइन शिकायला निघालेली मुलं, कामानिमित्त तुरीनला बदली झालेले इंजिनियर, लग्न होऊन तिकडे गेलेल्या मुली, ऑपेराचं गाणं शिकणारे: इटालियनला हात घालणारी मराठी मंडळी वेगवेगळ्या वाटांनी येतात, पण पहिल्या काही महिन्यांत त्यांना पडणारे प्रश्न तेच असतात. बहुतेक पुस्तकं आणि ॲप इंग्रजीतून शिकवतात. इंग्रजीत विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही, 'गेला' आणि 'गेली' असा फरक नाही, 'मला आवडतं' अशी रचनाही नाही. त्यामुळे त्या पुस्तकांत या गोष्टी मोठ्या अवघड म्हणून येतात. मराठीत त्या सगळ्या आहेत आणि आपण त्या शाळेत जायच्या आधीपासून बोलतोय. म्हणून खालची उत्तरं शक्य तिथे मराठीच्या आधाराने दिली आहेत. मराठी जिथे दगा देते, तिथेही तसं स्पष्ट सांगितलं आहे.

इथले इटालियन शब्द देवनागरीत आहेत. ते वाचायचे कसे?

जसे लिहिलेत तसेच. इटालियनमधले 'त' आणि 'द' आपल्या ताटातले आणि दारातलेच आहेत, त्यांचे 'ट' आणि 'ड' करू नका. 'चाओ'मधला च हा 'चिमणी'मधला, 'जेलातो'मधला ज 'जिल्हा'मधला. 'पित्सा'मधला त्स म्हणजे आपल्या 'चोर' किंवा 'चमचा'मधला च. हा उच्चार हिंदीभाषकांना मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला तो आयता मिळाला आहे.

जोडाक्षराकडे मात्र नीट लक्ष द्या. 'आन्नो' म्हणजे वर्ष. त्यातला न एकेरी म्हटला तर तो गुदद्वाराचा शब्द होतो, आणि आपलं वय सांगताना हा शब्द दर वेळी लागतो. मराठीत 'पती' आणि 'पत्ती' यांत जेवढा ठसठशीत फरक करता, तेवढाच इथे करा. 'पेना' म्हणजे दुःख, 'पेन्ना' म्हणजे लेखणी.

मूळ लिपीतलं स्पेलिंग वेगळं शिकावं लागेल, पण त्याचे नियम थोडे आहेत आणि अपवाद त्याहून कमी.

सुरुवात विशेषणांपासून करू की क्रियापदांपासून?

दोन्ही एकदम. पण त्याआधी नामाचं लिंग. लिंग चुकलं की उपपद (नामाआधी येणारा 'इल', 'ला' असा छोटा शब्द) चुकतं, विशेषण चुकतं आणि भूतकाळात क्रियापदही चुकतं. नवा शब्द वहीत लिहिताना तो नुसता 'कासा' असा लिहू नका, 'ला कासा' असा उपपदासकट लिहा. मराठी शब्द शिकणाऱ्या परक्या माणसाला आपण 'ते घर', 'ती भिंत', 'तो दरवाजा' असंच शिकवू, तसंच हे.

लिंग ओळखायचं कसं? मराठीसारखं पाठच करावं लागतं का?

मराठीपेक्षा बरंच सोपं आहे. लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाही. शेवटी 'ओ' असेल तर बहुधा पुल्लिंग: लीब्रो (पुस्तक), गात्तो (बोका). शेवटी 'आ' असेल तर बहुधा स्त्रीलिंग: कासा (घर), स्त्रादा (रस्ता). शेवटी 'ए' असेल तर काहीही असू शकतं, तिथे पाठच करायचं. बारामतीच्या पियाजिओ कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दोन गाड्यांची नावं इथे कामी येतात: 'व्हेस्पा' (गांधीलमाशी) आणि 'आपे' (मधमाशी). दोन्ही स्त्रीलिंगी. पहिलीचं लिंग शेवटच्या 'आ'वरून कळतं, दुसरीचं शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही.

अपवाद थोडेच आहेत, पण ते रोजच्या वापरातले आहेत. 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा', 'क्लीमा', 'तेमा' हे ग्रीकमधून आलेले शब्द 'आ'कारान्त असून पुल्लिंगी आहेत. 'मानो' (हात) 'ओ'कारान्त असून स्त्रीलिंगी. 'फोतो', 'मोतो', 'राद्यो' हेही स्त्रीलिंगी. 'तूरीस्ता' आणि 'आर्तीस्ता' हे शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतात, लिंग कळतं ते उपपदावरून आणि विशेषणावरून: 'उन तूरीस्ता इंद्यानो', 'ऊना तूरीस्ता इंद्याना'.

विशेषण नेमकं कसं बदलतं?

मराठीत 'पांढरा, पांढरी, पांढरं, पांढरे, पांढऱ्या' होतं, पण 'सुंदर' सुंदरच राहतं. इटालियनमध्येही असेच गट आहेत.

पहिल्या गटाची चार रूपं होतात. 'रोस्सो' (लाल) घ्या: एकवचनी पुल्लिंग रोस्सो, स्त्रीलिंग रोस्सा, अनेकवचनी पुल्लिंग रोस्सी, स्त्रीलिंग रोस्से. वीनो रोस्सो, मेला रोस्सा, वीनी रोस्सी, मेले रोस्से.

दुसऱ्या गटाची दोनच रूपं होतात. 'ग्रांदे' (मोठा) दोन्ही लिंगांना ग्रांदेच राहतो, अनेकवचनात 'ग्रांदी' होतो. 'वेर्दे' (हिरवा), 'फेलीचे' (आनंदी), 'दिफ्फीचिले' (अवघड), 'इन्तेरेस्सान्ते' हे सगळे याच गटातले.

तिसरा गट अजिबात न बदलणाऱ्यांचा. यात काही रंग येतात: ब्लू (निळा), रोझा (गुलाबी), व्योला (जांभळा).

मराठी माणूस इथे एका ठिकाणी हमखास अडखळतो. आपला 'लाल' कधीच बदलत नाही, म्हणून तो 'रोस्सो'ही बदलत नाही. उलट आपला 'मोठा' लिंगानुसार बदलतो, म्हणून तो 'ग्रांदा' असं रूप तयार करतो. असं रूप इटालियनमध्ये नाही. विशेषण बदलायची सवय मराठीतून घ्या, पण कोणतं विशेषण कोणत्या गटात हे इटालियनलाच विचारा. शब्दकोशातलं मूळ रूप 'ओ'मध्ये संपतं की 'ए'मध्ये, एवढं पाहिलं की गट कळतो.

लिहितानाची एक बाब: 'ब्यांको' (पांढरा) आणि 'लुंगो' (लांब) यांचं अनेकवचन 'ब्यांकी, ब्यांके' आणि 'लुंगी, लुंगे'. क आणि ग यांचा उच्चार टिकावा म्हणून स्पेलिंगमध्ये एच घालावा लागतो. पण 'सिम्पातीको'चं पुल्लिंगी अनेकवचन 'सिम्पातीची' होतं आणि स्त्रीलिंगी 'सिम्पातीके'. ढोबळ नियम असा की जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असेल तर क टिकतो, त्याच्याही आधी असेल तर बहुधा च होतो.

'ले कासे ग्रांदी' बरोबर कसं? दोन्हीकडे 'ए' यायला नको का?

नको. विशेषण नामाशी लिंग आणि वचन जुळवतं, शेवटचा स्वर नव्हे. 'कासे' हे स्त्रीलिंगी अनेकवचन, 'ग्रांदी' हेही अनेकवचन. जुळलं. 'ले कासे ग्रांदे' कानाला गोड लागतं, पण तिथे अनेकवचनी नामाला एकवचनी विशेषण जोडलं गेलं. तसंच 'ला मानो देस्त्रा' (उजवा हात), 'उन प्रोब्लेमा सेर्यो' (गंभीर प्रश्न). ही तीन उदाहरणं मोठ्याने म्हणून जिभेवर बसवा. बहुतेकांच्या चुका या एकाच गैरसमजातून होतात.

मुलगे आणि मुली एकत्र असतील तर?

पुल्लिंगी अनेकवचन. दहा मुलींत एक मुलगा असला तरी. मराठीत अशा वेळी आपण नपुंसकलिंगाकडे वळतो ('मुलगा आणि मुलगी आली', 'मुलं आली'), पण इटालियनमध्ये ती सोय नाही: 'राहुल ए मीरा सोनो स्तांकी', राहुल आणि मीरा थकली आहेत.

विशेषण नामाच्या आधी येतं की नंतर?

साधारणपणे नंतर. रंग, आकार, देश, धर्म सांगणारी विशेषणं जवळजवळ नेहमी नंतर येतात: 'वीनो ब्यांको', 'कुचीना इंद्याना'. मराठीत विशेषण नामाआधीच येत असल्यामुळे ही सवय मुद्दाम लावावी लागते.

रोजची काही छोटी विशेषणं पुष्कळदा आधी येतात: बेल्लो (सुंदर), ब्रुत्तो (कुरूप, वाईट), बुओनो (चांगला), ग्रांदे, पिक्कोलो (लहान), जोवाने (तरुण), वेक्क्यो (जुना, म्हातारा).

खरी गंमत मात्र जागा बदलली की अर्थ बदलतो तिथे आहे. 'उन वेक्क्यो आमीको' म्हणजे जुना मित्र, लहानपणापासूनचा. तो पंचविशीतला असू शकतो. 'उन आमीको वेक्क्यो' म्हणजे वयाने म्हातारा मित्र, ओळख कालची का असेना. 'ला पोवेरा दोन्ना' म्हणजे बिचारी बाई, तर 'ला दोन्ना पोवेरा' म्हणजे जिच्याकडे पैसे नाहीत ती. नामाआधीचं विशेषण बोलणाऱ्याची भावना सांगतं, नामानंतरचं वस्तुस्थिती सांगतं, असं धरून चाललात तर बहुतेक जोड्या आपोआप उलगडतात. मराठीत त्यासाठी आपल्याला 'बिचारी' आणि 'गरीब' असे दोन शब्द लागतात. तिकडे जागा बदलून काम होतं.

'बेल्लो'ची इतकी रूपं का?

कारण नामाआधी आला की तो उपपदासारखा वागतो. 'इल लीब्रो' म्हणून 'बेल लीब्रो', 'लो स्पेक्क्यो' (आरसा) म्हणून 'बेल्लो स्पेक्क्यो', अनेकवचनात 'इ लीब्री' म्हणून 'बेई लीब्री', 'ल्यी ओक्की' (डोळे) म्हणून 'बेल्यी ओक्की'. नामानंतर किंवा क्रियापदानंतर आला की साधी चार रूपं: 'ओक्की बेल्ली'. उपपदं पक्की असली की ही रूपं वेगळी पाठ करावी लागत नाहीत. 'बुओनो'चंही थोडं असंच आहे, म्हणून 'बुओन जोर्नो'.

'माझा', 'तुझा' यांचं काय?

ही विशेषणंच आहेत आणि उपपदासकट येतात: 'इल मीओ लीब्रो', 'ला मीआ कासा'. एकवचनी नातेवाइकांना उपपद नाही: 'मीओ पाद्रे', 'मीआ माद्रे'. अनेकवचन झालं की ते परत येतं: 'इ म्येई फ्रातेल्ली', माझे भाऊ. 'त्यांचा' या अर्थाचा 'लोरो' कधीच बदलत नाही आणि उपपद कधीच सोडत नाही: 'इल लोरो पाद्रे'.

मराठीत 'त्याची बहीण' म्हटलं की मालकाचं लिंग कळतं आणि बहिणीचंही. इटालियनमध्ये 'सुआ सोरेल्ला' म्हणजे त्याची बहीण किंवा तिचीही, मालक कोण ते संदर्भावरून.

'मोल्तो' कधी बदलतो आणि कधी नाही?

नामाला जोडला तर बदलतो, विशेषणाला किंवा क्रियापदाला जोडला तर नाही. 'मोल्ते रागात्से मोल्तो सिम्पातीके', म्हणजे पुष्कळ मुली, खूप मनमिळाऊ. पहिला 'मोल्ते' मुलींना जोडलाय म्हणून बदलला, दुसरा 'मोल्तो' 'मनमिळाऊ'ला जोडलाय म्हणून तसाच राहिला.

'बुओनो' आणि 'बेने' यांचाही फरक इथेच लक्षात घ्या. पास्ता 'बुओना' असते, पण तुम्ही ती 'बेने' शिजवता.

'पेक्षा' आणि 'सर्वात' कसं म्हणायचं?

'प्यू' म्हणजे जास्त, 'दी' म्हणजे पेक्षा: 'राहुल ए प्यू आल्तो दी मीरा', राहुल मीरापेक्षा उंच आहे. 'सर्वात'साठी आधी उपपद लावा: 'इल प्यू आल्तो'. 'खूपच' म्हणायचं असेल तर 'इस्सीमो' जोडा: बेल्लीस्सीमो, बेल्लीस्सीमा.

क्रियापदांची रूपं किती आणि कशी?

मूळ रूप 'आरे', 'एरे' किंवा 'इरे' यांपैकी एकाने संपतं, म्हणून तीन गण. वर्तमानकाळात प्रत्येकाची सहा रूपं (मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने):

पार्लारे (बोलणे): पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो.
प्रेंदेरे (घेणे): प्रेंदो, प्रेंदी, प्रेंदे, प्रेंद्यामो, प्रेंदेते, प्रेंदोनो.
दोर्मीरे (झोपणे): दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो.

नीट पाहा: 'मी'साठी तिन्ही गणांत 'ओ', 'तू'साठी 'ई', 'आम्ही'साठी 'यामो'. म्हणजे निम्मी रूपं एकदाच शिकायची आहेत. 'ते' (ती माणसं) या शेवटच्या रूपात जोर पहिल्या अक्षरावर राहतो: 'पार्'लानो. तो मधल्या 'ला'वर नेऊ नका. ही चूक ऐकणाऱ्याच्या कानाला फार खटकते.

या वर्तमानकाळात पुरुष-स्त्री भेद नाही. आपण 'जातो' आणि 'जाते' वेगळं म्हणतो, तिकडे दोघांसाठीही 'वादो'. शिवाय 'पार्लो' म्हणजे 'बोलतो' आणि 'बोलतोय' दोन्ही. आत्ता या क्षणी चाललेलं काम ठासून सांगायचं असेल तर 'स्तो पार्लांदो'. उद्याच्या गोष्टीलाही साधा वर्तमानकाळ चालतो. आपण 'उद्या येतो' म्हणतो तसंच: 'दोमानी वादो आ रोमा'.

'मी', 'तू' दर वेळी म्हणायचं का?

नाही. आपण 'कुठे चाललास?' म्हणतो, तिथे 'तू' बोलावा लागत नाही. इटालियनमध्येही क्रियापदाचं शेपूट माणूस सांगून टाकतं. प्रत्येक वाक्याला 'इओ, इओ' लावलंत तर 'मी मात्र, मी मात्र' असं सारखं म्हटल्यासारखं ऐकू येतं. जोर द्यायचा असेल किंवा दोघांत फरक दाखवायचा असेल तेव्हाच सर्वनाम वापरा.

'कापीस्को'मधला 'स्क' कुठून आला?

'इरे' गणातल्या बऱ्याच क्रियापदांत मूळ आणि प्रत्यय यांच्यामध्ये तो येतो. 'कापीरे' (समजणे): कापीस्को, कापीशी, कापीशे, काप्यामो, कापीते, कापीस्कोनो. 'तू' आणि 'तो/ती' या रूपांत त्याचा उच्चार श होतो, 'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोन रूपांत तो येतच नाही. 'फिनीरे' (संपवणे), 'प्रेफेरीरे' (जास्त पसंत करणे), 'पुलीरे' (साफ करणे) यांचं तसंच. कोणत्या क्रियापदात येतो हे सांगणारा सोपा नियम नाही. पहिलं रूप शब्दासोबतच पाठ करा.

'एस्सेरे' आणि 'आवेरे' एवढी महत्त्वाची का?

कारण भूतकाळ यांच्याच खांद्यावर उभा आहे. एस्सेरे (असणे): सोनो, सेई, ए, स्यामो, स्येते, सोनो. आवेरे (जवळ असणे): ओ, आई, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो. लिहिताना 'ओ, आई, आ, आन्नो' यांच्या सुरुवातीला एच येतो, पण तो उच्चारायचा नाही.

मराठी इथे मदत करत नाही. आपल्याकडे 'आवेरे'सारखं क्रियापदच नाही. आपण 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'मला भूक लागली आहे', 'मला वीस वर्षं झाली' असं वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतो. इटालियनमध्ये या सगळ्याला 'ओ'च: 'ओ दूए फ्रातेल्ली', 'ओ फामे' (भूक), 'ओ सेते' (तहान), 'ओ सोन्नो' (झोप), 'ओ फ्रेद्दो' (थंडी), 'ओ पाऊरा' (भीती), 'ओ फ्रेत्ता' (घाई), 'ओ वेन्तान्नी' (वय वीस). 'सोनो फ्रेद्दो' म्हणालात तर अर्थ होतो, मी थंड स्वभावाचा आहे.

'मी प्याचे' इतकं अवघड का सांगतात?

इंग्रजीतून शिकवतात म्हणून. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो, त्यामुळे त्या पुस्तकांना 'वाक्य उलटं करा' असं पानभर समजवावं लागतं. आपल्याला काहीही उलटं करावं लागत नाही.

मला कॉफी आवडते: 'मी प्याचे इल काफ्फे'.
मला पुस्तकं आवडतात: 'मी प्याच्चोनो इ लीब्री'.
मला तू आवडतोस: 'मी प्याची'.

'मला' जागेवर, क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे. भूतकाळातही तेच. चित्रपट आवडला: 'मी ए प्याचूतो इल फिल्म'. पित्सा आवडला: 'मी ए प्याचूता ला पित्सा'. तिकडे पित्सा स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापदही स्त्रीलिंगी. जपायचं ते एवढंच की इटालियनमधला हा 'मी' म्हणजे आपला 'मला'. 'तुला' म्हणजे 'ती', 'त्याला' म्हणजे 'ल्यी', 'तिला' म्हणजे 'ले', 'आम्हाला' म्हणजे 'ची', 'तुम्हाला' म्हणजे 'वी'.

ही एक रचना हाती आली की तिच्यामागे आणखी चारपाच येतात. 'मी सेंब्रा' म्हणजे मला वाटतं, 'मी बास्ता' म्हणजे मला पुरे, 'मी सेर्वे उना पेन्ना' म्हणजे मला पेन लागतंय, 'मी फा माले ला तेस्ता' म्हणजे माझं डोकं दुखतंय. घरापासून लांब राहणाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच लागणारं वाक्य, 'मी मान्का मीआ माद्रे', आईची आठवण येते.

'तू' आणि 'आपण' यांत गोंधळ होतो. काय करू?

मित्र, समवयस्क, मुलं, घरची माणसं यांना 'तू'. अनोळखी मोठी माणसं, दुकानदार, डॉक्टर, प्राध्यापक यांना 'लेई'. 'लेई'चा मूळ अर्थ 'ती', आणि क्रियापदही तृतीयपुरुषी एकवचनी येतं, समोर पुरुष असला तरी: 'दोवे आबीता?' म्हणजे आपण कुठे राहता? मराठीत आदरासाठी आपण अनेकवचन करतो, त्यामुळे 'आबीताते' तोंडात येतं. ते समोर अनेक माणसं असतील तेव्हाचं रूप आहे. विशेषण मात्र खऱ्या माणसाप्रमाणे: पुरुषाला 'लेई ए इताल्यानो?', बाईला 'लेई ए इताल्याना?'.

1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने 'लेई' हटवून 'वोई' (तुम्ही) रूढ करण्याची मोहीम काढली होती. ती राजवटीबरोबरच गेली. दक्षिणेत मात्र वडीलधाऱ्यांना आदराने 'वोई' म्हणण्याची जुनी पद्धत अजून कानावर येते.

आणखी एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे कित्येक घरांत आईला 'ए आई' आणि वडिलांना 'अहो बाबा' म्हणतात. तिकडे आई, वडील, आजी, आजोबा सगळ्यांना 'तू'च. यजमानांच्या घरी आजीबाई 'तू' म्हणायला सांगतील तेव्हा संकोच करू नका. तो आपलेपणाचा मान असतो.

भूतकाळात 'एस्सेरे' कधी आणि 'आवेरे' कधी?

या विषयावर सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून जरा सविस्तर.

रोजचा भूतकाळ दोन तुकड्यांनी बनतो: सहाय्यक क्रियापद अधिक धातुसाधित (क्रियापदापासून बनलेलं 'केलं', 'गेला' असं रूप). धातुसाधित 'आरे'चं 'आतो', 'एरे'चं 'ऊतो', 'इरे'चं 'ईतो': पार्लातो, वेन्दूतो (विकलं), दोर्मीतो. बरीच रोजची धातुसाधितं अनियमित आहेत, ती पाठच करा: फात्तो (केलं), देत्तो (सांगितलं), लेत्तो (वाचलं), स्क्रीत्तो (लिहिलं), वीस्तो (पाहिलं), प्रेझो (घेतलं), आपेर्तो (उघडलं).

जाणं-येणं, राहणं, जन्मणं, मरणं, काहीतरी होणं अशी अकर्मक क्रियापदं 'एस्सेरे' घेतात, आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. राहुल गेला, 'राहुल ए आन्दातो'. मीरा गेली, 'मीरा ए आन्दाता'. दोघं गेली, 'सोनो आन्दाती'. दोघी गेल्या, 'सोनो आन्दाते'. हा आपला कर्तरी प्रयोग. 'मी उठलो', 'मी अंघोळ केली' अशी स्वतःवर होणारी क्रियाही यातच येते: 'मी सोनो आल्त्सातो', बाई असेल तर 'आल्त्साता'.

सकर्मक क्रियापदं 'आवेरे' घेतात, आणि इथे मराठी माणसाला थांबून विचार करावा लागतो. आपल्याकडे 'मारियाने आंबा खाल्ला', 'मारियाने पोळी खाल्ली', म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे. इटालियनमध्ये कर्म क्रियापदानंतर येत असेल तर धातुसाधित बदलत नाही: 'मारीया आ मांजातो ला मेला', मारियाने सफरचंद खाल्लं. 'मेला' स्त्रीलिंगी, पण 'मांजातो' तसंच. 'मांजाता ला मेला' आजच्या भाषेत चालत नाही.

पण कर्माच्या जागी 'तो, ती, ते' अशा अर्थाचं सर्वनाम क्रियापदाआधी आलं की आपला कर्मणी प्रयोग जसाच्या तसा उभा राहतो. 'सफरचंद? मारियाने खाल्लं': 'ला मेला? मारीया ला मांजाता'. अनेक सफरचंदं असतील तर 'ले आ मांजाते'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम हवेतून आल्यासारखा वाटतो. आपण 'ती खाल्ली', 'ते खाल्ले' असं रोज म्हणतो, म्हणून एकदा समजला की आपल्याकडून तो सुटत नाही.

'अकर्मक म्हणजे एस्सेरे' हा नियम मात्र सरसकट लावू नका. झोपणं, चालणं, पोहणं ही अकर्मक असूनही 'आवेरे' घेतात: 'ओ दोर्मीतो', 'ओ काम्मिनातो', 'ओ नुओतातो'. कुठून निघून कुठे पोचलात हे सांगणारं क्रियापद 'एस्सेरे'कडे जातं, नुसती हालचाल सांगणारं 'आवेरे'कडे.

'जायचो' आणि 'गेलो' यांतला फरक कसा दाखवतात?

मराठीत आहे तसाच, वेगळ्या काळाने. 'काल समुद्रावर गेलो', एकदाच झालेलं: 'येरी सोनो आन्दातो आल मारे'. 'लहानपणी दर उन्हाळ्यात समुद्रावर जायचो', सवय: 'दा बाम्बीनो आन्दावो आल मारे ओन्यी एस्ताते'. जे मराठीत 'यचो' किंवा 'त होतो' करून सांगाल, ते इटालियनमध्ये 'आवो, एवो, ईवो' करून सांगा. 'मी जेवत होतो तेव्हा राहुल आला': 'मेन्त्रे मांजावो, ए आर्रीवातो राहुल'. कोणता काळ वापरू असा प्रश्न पडला तर वाक्य आधी मराठीत म्हणा, उत्तर बहुतेक वेळा मिळून जातं.

नकार आणि प्रश्न?

नकारासाठी क्रियापदाआधी 'नोन': 'नोन कापीस्को'. 'कोणीच नाही', 'काहीच नाही' असं म्हणताना दोन नकार एकत्र येतात आणि तेच शुद्ध आहे: 'नोन ओ वीस्तो नेस्सूनो', मी कोणालाच पाहिलं नाही. प्रश्न विचारायला फक्त सूर वर न्या: 'पार्ली इताल्यानो?'

पहिल्यांदा कोणती क्रियापदं पाठ करू?

एस्सेरे, आवेरे, फारे (करणे), आन्दारे (जाणे), स्तारे (राहणे, असणे), वेनीरे (येणे), वोलेरे (हवं असणे), पोतेरे (शकणे), दोवेरे (करावं लागणे), दीरे (सांगणे), सापेरे (माहीत असणे, येणे). सगळी अनियमित आहेत आणि बोलण्यात सतत येतात. 'सापेरे' आणि 'कोनोशेरे' यांत फरक करा: 'सो नुओतारे' म्हणजे मला पोहता येतं, 'कोनोस्को मीरा' म्हणजे मी मीराला ओळखतो.

हे सगळं कोणत्या पातळीचं आहे? परीक्षेला पुरेल का?

वरचा भाग भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीतल्या ए1 आणि ए2 पातळीचा आहे. इटलीत दीर्घकाळच्या निवासी परवान्यासाठी ए2 मागतात. लग्नाने किंवा वास्तव्याने नागरिकत्व घेणाऱ्यांना डिसेंबर 2018 पासून बी1 लागतं. सिएना आणि पेरूजा इथली परदेशी विद्यार्थ्यांसाठीची विद्यापीठं, रोमा त्रे विद्यापीठ आणि दान्ते आलिग्येरी संस्था यांची प्रमाणपत्रं त्यासाठी ग्राह्य धरतात. बी1 साठी यात भविष्यकाळ, 'केलं असतं' या अर्थाची संकेतार्थी रूपं आणि 'मला वाटतं की'नंतर येणारा 'कोंजुन्तीवो' यांची भर घालावी लागेल. 'कोंजुन्तीवो'कडे वर्तमान आणि दोन्ही भूतकाळ न अडखळता बोलता येईपर्यंत वळू नका.